मुलीच्या उत्तरातला कडता

त्या अहवालात कोणाचंच नाव नाही. शाळेतल्या मुलांच्या मनाची तपासणी करणाऱ्या मंडळींनी एक पातळसं पुस्तक छापलं आणि पालकसभेत वाटलं. मधल्या एका पानावर ओळ आहे: घरात मारहाण होत असेल तर मूल स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचा धोका वाढतो. माझ्या शेजारचा बाप त्या पुस्तकानं वारा घेत बसला होता. मी मात्र ती ओळ तीनदा वाचली. ज्या घरांत डोकावून ती लिहिली गेली त्यांत माझं घर आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुलीला विचारलं, तिच्या आईला विचारलं, वर्गशिक्षिकेला विचारलं. बाप कशातून आला, हे विचारायला मात्र त्यांच्या कागदावर एक चौकोन नव्हता. हा राग माझ्या पोटात अजून आहे. तो तसाच ठेवून लिहितो.

मी मिरचीचा व्यापारी. भिवापूरकडे मिरचीचे सातरे असतात. मोकळ्या मैदानात लाल मिरची पसरायची आणि बायांनी दिवसभर उकिडवं बसून तिचे देठ खुडायचे. माझी आई तिथे बसायची आणि मी तिच्या बाजूला. एकदा माझ्या ढिगात देठासकट मिरच्या निघाल्या म्हणून ठेकेदारानं मिरचीच्या हातानंच माझ्या तोंडावर मारलं. डावा डोळा दोन दिवस उघडला नाही. आईनं मला जवळ घेतलं नाही, तिनंही पाठीत दोन घातल्या. तिची रोजी जाणार होती. तेव्हा कोणी कागद घेऊन विचारायला आलं नाही की तुला कसं वाटतं.

सतरा वर्षांचा असताना नागपूरला आलो. पोती उचलली, मग दलाली केली, मग स्वतःचा गाळा घेतला. यातलं काहीच कोणी हातात ठेवलं नाही. पहिल्या वर्षी एका जुन्या व्यापाऱ्यानं माझ्या पोत्यांमध्ये खडे मिसळवले. मी त्याचे पुढचे दोन दात त्याच्याच गादीवर पाडले. त्यानंतर माझ्या मालाला कोणी हात लावला नाही. बाजारात मला लोक मागून काहीही म्हणतात, समोर शेठ म्हणतात. हाताचा उपयोग होतो, हे मी अनुभवातून शिकलो. ज्यांना हा अनुभव नाही त्यांनी मला शहाणपण शिकवू नये, असं मला वाटायचं.

धंद्याच्या दोन गोष्टी सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे झालं. एक, समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव कधीच खरा नसतो. दोन, मालातून कडता कापायचा. मिरचीवर रात्री पाणी मारलं की सकाळी वजन वाढतं. देठ, माती, बारदान, सगळ्याचं वजन होतं. म्हणून पोतं चाळीस किलो भरलं तरी आपण दोन किलो आधीच वजा करतो. तो कडता. विकणारा ओरडतो, आपण ओरडतो, आणि कडता कापला जातो. पंचवीस वर्षं मी रोज हेच केलं. माणूस जे सांगतो त्यातही पाणी मारलेलं असतं, हे माझ्या हाडात गेलं होतं.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. त्या तपासणीचा संमतीचा कागद घरी आला तेव्हा मी जेवत होतो. बायकोनं तो ताटाशेजारी ठेवला.

"काय देतात?" मी विचारलं.

"काही देत नाहीत. पैसेही घेत नाहीत."

"फुकट आहे तं करू दे." मी सही केली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

त्या कागदावर लिहिलेलं होतं की मुलाच्या उत्तरांत काही धोक्याचं दिसलं तर त्याच दिवशी पालकांना बोलावू. मी वाचलं नव्हतं.

बोलावणं आलं तेव्हा माझा लिलाव चालू होता. मी तसाच निघालो, अंगावर मिरचीची धूळ घेऊन. मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत मी बसलो आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांच्या शेजारी तपासणीवाली बाई होती. तिशीची असेल. खादीचा कुर्ता, हातात साधं घड्याळ. ती खोकली नाही. तिनं खिडकी उघडली आणि परत येऊन बसली.

"तुमच्या मुलीला सांगूनच तुम्हाला बोलावलं आहे," ती म्हणाली. "तिच्या एका उत्तराबद्दल आजच बोलायला हवं. जगू नये असं वाटतं का, असा प्रश्न होता. शून्य म्हणजे कधीच नाही. तीन म्हणजे जवळजवळ रोज. तिनं तीन लिहिलं आहे."

मी गप्प बसलो. भाव ऐकल्यावर मी नेहमीच आधी गप्प बसतो. समोरच्याला वाटतं हा विचार करतो आहे. त्या दिवशी मी खरोखर काहीच विचार करत नव्हतो.

"बाकीच्या पोरांनी काय लिवलं?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"पोरं वाढवून सांगतात, मॅडम. मोबाईलवर पाहून लिवतात. तीनचा दीड धरा."

"म्हणजे?"

"कडता कापा."

मुख्याध्यापक बाईंनी रुमाल तोंडावरून काढला. तपासणीवाली बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला कडता माहीत होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"इथे कडता कापत नाहीत, काका. मूल जे सांगतं ते पूर्ण वजनाचं धरायचं. नंतर कमी निघालं तर आनंद. आधी कमी धरलं आणि..." ती थांबली. "घरी तिला कोणी मारतं का?"

"मी बाप आहो तिचा."

"मी तेच विचारलं."

मी टेबलावर हात मारला. वरची काच तडकली आणि माझ्या तळव्यात घुसली. रक्त हजेरीपटावर पडलं. मुख्याध्यापक बाई उठून भिंतीला लागल्या. मी ओरडत होतो. तुम्ही कोण, माझ्या घरात कशाले घुसता, पोरीच्या डोक्यात हे तुम्हीच भरलं, आधी तिले असं काही माहीत नव्हतं. तपासणीवाली बाई बसूनच होती. मग तिची भाषा बदलली.

"आवाज खाली घ्या. मी मौद्याची आहो. मलेही बोलता येते." तिनं कपाटातून कापूस काढून माझ्यासमोर टाकला. "विचारल्यानं कोणाच्या मनात हे भरत नाही. आधीपासून असते, विचारलं तं बाहेर येते. आज तिले डॉक्टरकडे न्या, मी चिठ्ठी देते. आज तिले एकटं सोडू नका. आन् आज तिच्यावर हात उचलू नका. आजचं तरी कबूल करा."

तिनं फक्त एक दिवस मागितला होता. मी चिठ्ठी खिशात घातली आणि काही कबूल केलं नाही.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. मी तिला गाडीवर घेतलं. ती माझ्या खांद्याला धरत नाही, मागची कडी धरते. ती असं कधीपासून करते ते मला आठवेना. डॉक्टरकडे जायला उजवीकडे वळायचं होतं. मी सरळ घरी गेलो.

घरी तिला पलंगावर बसवलं आणि मी समोर खुर्ची ओढली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दुपार होती, कूलर घरघरत होता.

"तीन काहून लिवलं?"

"वाटते म्हणून."

"रोज वाटते?"

तिनं मान हलवली.

"काल वाटलं होतं? काल तं तू भेळ खाऊन हसून राहिली होती. कालचा दिवस कापला. रविवारी मावशीकडे होती, तोही कापला. मग रोज कसं झालं? दोन झालं."

"दोन," ती म्हणाली.

"दोन म्हणजे बरेच दिवस. बरेच म्हणजे किती? मोज मले."

मी तिचा हात धरून बोटं मोजायला लावली. ती बोटं उघडेना. मी उघडली. ती कळवळली आणि एकदम म्हणाली, "क्लासमध्ये सगळ्यांसमोर मारलं होतं तेव्हापासून, पप्पा. त्याच्याही आधीपासून. एक गोष्ट नाही आहे."

क्लासचा प्रसंग मला आठवत होता. तिनं शिकवणीला दांडी मारली असं कळलं म्हणून मी शिकवणीत गेलो आणि साऱ्या मुलामुलींसमोर तिच्या कानाखाली वाजवली. सरांनी खडू खाली ठेवला होता. मला तो प्रसंग म्हणजे दोन मिनिटांचं काम वाटलं होतं. मी तिथून थेट बाजारात गेलो आणि दिवसभरात एकदाही मला तो आठवला नव्हता.

"एक थप्पड मारली तं मरायचं?" मी म्हणालो. "मले किती पडल्या माहीत आहे?"

"माहीत आहे. रोज सांगता."

मी मारली. त्याच कानावर. ती पलंगावर आडवी झाली आणि मी तिला दंडाला धरून उठवलं, पुन्हा मारली. मग तिच्या हातातून फोन ओढला आणि फरशीवर आपटला. एकदा फुटला नाही म्हणून पुन्हा आपटला. बायको मधे आली. मी तिला ढकललं, ती कूलरवर पडली आणि कूलर उलटून पाणी सगळीकडे झालं. ती त्या पाण्यातून उठली आणि माझ्या छातीवर दोन्ही हातांनी मारायला लागली. वीस वर्षांत तिनं माझ्यावर कधी हात उचलला नव्हता.

"अवो, तिनं काय लिवलं ते ऐकलं का तुम्ही? ऐकलं का? का भाव करून राहिले?"

"तू गप बस."

"पोरगी जाईन न तुमची. मग कोणाले मारसान?"

तेवढ्यात मुलगी बोलली. आवाज अगदी सपाट होता. "शून्य. ठीक आहे, पप्पा. शून्य लिहिते. उद्या शाळेत जाऊन शून्य लिहून देते."

मी थांबलो. मला दम लागला होता. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तीनवरून शून्यावर आणलं होतं. सौदा पुरा झाला की छातीत जे सैल होतं तेच सैल झालं. मी बायकोला म्हणालो, "पाहिलं?" आणि पाणी पुसायला फडकं शोधू लागलो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली. दाराला आतून कडी नव्हती म्हणून तिनं दाराला पाठ लावली. ती दिवसभर तिथून हलली नाही. रात्रीही नाही, असं तिनं मला फार नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः मुलीला शाळेत घेऊन गेलो. तिच्या गालावर बोटं उमटलेली होती. बायकोनं पावडर लावली होती, त्यामुळे ती जास्तच दिसत होती. मी तपासणीवाल्या बाईला म्हणालो, "ती पुन्हा लिहून देते. कालचं चुकलं."

बाईनं मुलीला कागद दिला. मुलीनं उभ्याउभ्याच सगळीकडे शून्य लिहिलं. झोप येत नाही का, शून्य. भूक लागत नाही का, शून्य. रडू येतं का, शून्य. एकसारखी गोल शून्यं, खालपर्यंत. प्रश्नही न वाचता.

बाईनं मुलीला आत बसवलं, शिक्षिकेला सोबत ठेवलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

"मिरचीचा धंदा आहे न तुमचा?"

"हो."

"मले एक सांगा. काल एक भाव सांगणारा माणूस आज फुकट द्यायला तयार झाला, असा माल तुम्ही घेता का?"

मी हसणार होतो. म्हणणार होतो की घेतोच. पण तोंड उघडलं आणि एक बाई आठवली. काही वर्षांपूर्वी तीन पोती मिरची घेऊन आली होती. मी भाव पाडून सांगितला, ती भांडली नाही. मी कडता दुप्पट कापला, ती भांडली नाही. "द्या, जे द्याचं ते द्या," एवढंच म्हणाली. एक हात गळ्यात बांधलेला होता. बाजारातले सगळे मला म्हणाले, आज मजा झाली तुझी. मला मनातून माहीत होतं की जी बाई भाव करत नाही तिला काहीतरी झालेलं आहे. हात मोडलेला समोर दिसत होता. मी मिरची पाहिली. त्या बाईचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

भाव करणारा माणूस अजून बाजारात असतो. भाव सोडून देणारा बाजारातून उठलेला असतो. हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं आणि आदल्या दुपारी, माझ्याच घरात, माझीच पोर उठून चालली होती, तेव्हा मी फडकं शोधत होतो.

"डॉक्टर," मी म्हणालो.

"काल जायचं होतं. आज जाऊ. मी येते सोबत. आधी मले तिच्याशी एकटीशी बोलू द्या."

तासभर मी व्हरांड्यात उभा होतो. मग बाई एक कागद घेऊन आली. मुलीनंच लिहिलेला होता, तिच्या अक्षरात. मन फार खाली गेलं की कोणत्या खुणा दिसतात. तेव्हा कोणाशी बोलायचं. काय केलं की थोडं बरं वाटतं. तिथे लिहिलेलं होतं, गच्चीवर जाऊन मैत्रिणीशी बोलणं, आईच्या मांडीवर डोकं ठेवणं, ढोकळा. आणि शेवटी, घरातल्या कोणत्या गोष्टी आपल्यापासून दूर ठेवायच्या, म्हणजे आपण सुरक्षित राहू. तिथे काही वस्तूंची नावं होती. ती मी इथे लिहीत नाही. यादीतलं शेवटचं नाव होतं: पप्पा.

मी कागद बाईच्या हातात परत दिला. फाडला नाही, एवढंच माझ्या हातून झालं. जिना उतरून सायकल स्टँडवर गेलो आणि माझ्याच गाडीला लाथा मारायला लागलो. आरसा तुटला, दिवा फुटला. गाडी आडवी पडली तरी मी तिच्या टाकीवर टाचा मारत होतो. तळव्याची जखम उघडली आणि हाताला पट्टी बांधली होती ती लाल झाली. वर पाहिलं तर सगळ्या वर्गाच्या खिडक्यांना पोरं चिकटलेली होती. एकही आवाज नव्हता. त्यांच्यात काही पोरं अशी होती की ज्यांना आश्चर्य वाटत नव्हतं. ती मला ओळखू आली.

त्या दिवशी ती डॉक्टरकडे गेली. आई आणि ती बाई तिला घेऊन गेल्या, मी ऑटोच्या मागून मोडक्या गाडीवर गेलो. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, दर आठवड्याला बोलायला बोलावलं आणि काही दिवस तिला माझ्यापासून लांब ठेवायला सांगितलं. बायको तिला घेऊन खाप्याला भावाकडे गेली.

मी आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी खाप्याला गेलो. साळा दारातच उभा होता. तो माझ्यापेक्षा वयानं लहान पण अंगानं दुप्पट.

"या, जावईबापू. आत या. फक्त हात बाहेर ठेवून या."

"बाजूले हो बे."

"होतो न. हात काढा, इथं खुंटीले टांगा. मग व्हा आत."

मी त्याची कॉलर धरली. त्यानं मला उचलून ओट्यावरून खाली फेकलं. मी पुन्हा चढलो, त्यानं पुन्हा फेकलं. तिसऱ्यांदा माझा ओठ फाटला आणि मी नालीच्या काठावर बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी असं मारलं होतं की मला उलट मारावंसं वाटलं नाही. वरच्या खिडकीत मुलगी होती. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. ती घाबरली होती, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, मामासाठी होतं. मी आता उठून त्याला काय करीन याला ती घाबरली होती. मी उठलो आणि बस स्टँडकडे चालायला लागलो.

अठरा दिवसांनी ती परत आली. पूर्ण बरं व्हायला काही वर्षं लागतील असं डॉक्टर म्हणाले होते, आणि चढउतार होतील असंही. तसंच झालं. दोनदा भर दुपारी शाळेतून तिनं स्वतः आईला फोन करून सांगितलं की आज बरं वाटत नाही, घ्यायला ये. कागदात लिहिल्याप्रमाणे. बायको हातातलं काम टाकून गेली. मी बाजारात होतो. मला नंतर सांगितलं. मला आधी सांगत नाहीत. हेही मला डाचतं.

तपासणीवाल्यांचं काम संपलं नव्हतं. दर महिन्याला ती बाई शाळेत यायची. ज्या मुलांचं उत्तर धोक्याचं होतं त्यांना पुन्हा कागद द्यायची. आता पालकांसाठीही एक कागद होता. बापानं वेगळ्या खोलीत भरायचा, मुलीनं वेगळ्या, मग दोघांनी समोरासमोर बसायचं. माझ्या कागदावर एक प्रश्न होता: गेल्या महिन्यात घरात किती वेळा मारहाण झाली? मी पहिले दोन महिने खरे आकडे लिहिले, आणि ते चांगले नव्हते. तिसऱ्या महिन्यात मी मोठ्या अभिमानानं शून्य लिहिलं. तो महिना मला फार जड गेला होता. दोनदा मी घराबाहेर जाऊन विजेच्या खांबावर हात आपटून आलो होतो.

बाईनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले. मुलीच्या कागदावर एक होता.

"एक कोणता?" मी विचारलं.

"ताटाचा," मुलगी म्हणाली.

भाजीत मीठ जास्त झालं होतं म्हणून मी ताट भिंतीवर फेकलं होतं. बायकोकडे नव्हतं फेकलं. मुलीकडेही नव्हतं.

"ते भिंतीले लागलं."

"माझ्या कानाजवळून गेलं."

"तुले लागलं का?"

"नाही."

"मग?"

"मी एक लिवलं आहे."

माझं डोकं तापायला लागलं. महिनाभर मी जे गिळलं होतं त्याचं यांना काही नव्हतं. मी बाईकडे वळलो. "मारहाण म्हणजे माणसाले मारलं तं न? हे ताट आहे. अर्धं धरा."

"तिच्याशी बोला," बाई म्हणाली. "आकडा तिचा आहे."

"अर्धं धर वं," मी मुलीला म्हणालो.

"नाही, पप्पा. एक."

मी उठलो. खुर्ची मागे पडली. मुलीचे दोन्ही खांदे कानांपर्यंत वर गेले, मान आत गेली, डोळे मिटले. मला ते दिसलं. थप्पड येणार असल्याची तिच्या अंगाला माझ्यापेक्षा आधी खबर होती. पण तिची दोन्ही मनगटं कागदावर होती. ती कागद झाकून नव्हती बसली. दाबून बसली होती, कोणी तो ओढून नेऊ नये म्हणून. डोळे मिटूनच ती पुन्हा म्हणाली, "एक आहे."

त्याच कागदावर, वर, तो दुसरा प्रश्न होता. जगू नये असं वाटतं का. त्याच्यापुढेही तिनं एकच लिहिलं होतं. एक म्हणजे काही दिवस.

मी दोन्ही आकडे पाहिले. ताटाचा एक मी खाली आणला असता तर वरचा एक मला कोण खरा म्हणून देणार होतं? पुढच्या महिन्यात वर तीन झाला तर ती तो कोणाला सांगणार होती? तिनं भाव करायला सुरुवात केली होती, माझ्याशी, माझ्या तोंडावर, डोळे मिटून का होईना. तिला पाडणं मला अवघड नव्हतं. मी फक्त एक पाऊल पुढे टाकायचं होतं.

मी माझा कागद ओढला. शून्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला एक लिहिला. पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावर उमटलं.

मुलीनं डोळे उघडले. माझ्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, मग पुन्हा कागदाकडे. तिचे खांदे खाली यायला बराच वेळ लागला.

ते ताट मारहाणीत धरायला नको होतं, असं मला आजही वाटतं. मी ते तिला त्यानंतर कधी म्हटलेलं नाही. ती दप्तर उचलून आईकडे बाहेर गेली. बाई कागद गोळा करू लागली. खुर्ची आडवी पडलेली होती आणि ती उचलायला कोणी पुढे आलं नाही. मी वाकून ती उचलली आणि जागेवर ठेवली.